'एक तास' म्हणाले ते अर्जनसिंग : कराडच्या भाषणासाठी मदत हवी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी कराड तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. १२ मार्चला यशवंतरावांची जयंती. त्या दिवशी शाळेत भाषणं असतात आणि यंदा 'संरक्षणमंत्री यशवंतराव' हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. बारा मिनिटं बोलायचंय. समोर आठवी-नववीची पोरं आणि मागच्या खुर्च्यांवर गावातले माजी सैनिक. सातारा जिल्ह्यात सैन्यावर बोलायचं म्हणजे काय असतं ते इथल्यांना वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे एक प्रसंग दरवर्षी सांगितला जातो. सप्टेंबर १९६५. पाकिस्तानचे रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसलेत. यशवंतराव हवाईदलप्रमुख अर्जनसिंगांना विचारतात, विमानं निघायला किती वेळ लागेल? अर्जनसिंग म्हणतात, एक तास. आणि तासाभरात विमानं शत्रूवर तुटून पडतात. इथं टाळ्या. आठ वर्षं मी याच जागी टाळ्या ऐकतेय.

गेल्या वर्षी टाळ्या थांबल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, विमानं आधीपासून तयार असतील तर तास कशाला लागला? आणि तयार नसतील तर तासात उडाली कशी?" बोलणाऱ्या सरांनी त्याला "बस खाली, शहाणा आलाय" म्हणून बसवलं. मला प्रश्न आवडला होता, पण उत्तर मलाही येत नव्हतं. अजून येत नाही.

दुसरं असं, आभार मानताना मी 'एअर मार्शल अर्जनसिंग' म्हटलं. मागून एक माजी सुभेदार म्हणाले, "बाई, मार्शल म्हणा. एअर मार्शल नाही." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "तेव्हा एअर मार्शलच होते." चहा येईपर्यंत दोघांचं चाललं होतं. कोण बरोबर?

आणि तिसरं. हा माणूस आमच्या भाषणात फक्त 'एक तास' एवढं वाक्य बोलायला येतो आणि जातो. आधी काय, नंतर काय? जन्म-मृत्यूच्या तारखा नकोत, त्या मिळतात. पोरांना सांगण्यासारखं काही असेल तर सांगा.

विकीवाला

प्रसंग खरा आहे. विकिपीडियावर सगळं आहे. जन्म १९१९ लायलपूर, निधन २०१७ दिल्ली. याला धागा कशाला लागतो?

लाल फीत

मॅडम, वरच्यांचं मनावर घेऊ नका. तारखा नकोत म्हटलं तरी दोन देऊन गेले.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. हवाईदलात १९७९ ला भरती झालो, २००३ ला ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. आर्मामेंट ट्रेड. विमानाला बॉम्ब, रॉकेटं, तोफेच्या गोळ्या लावतात ते आम्ही. आयडीवरून इथले बरेच जण मला मंत्रालयातला समजतात, पण ही फीत ती नव्हे. बॉम्बच्या, रॉकेटच्या सेफ्टी पिनेला एक लाल कापडी पट्टी असते. विमान निघायच्या आधी पिना ओढून काढायच्या आणि पायलटला हात उंच करून दाखवायच्या. तो मोजतो, मान हलवतो, मग जातो. चोवीस वर्षं पट्ट्या दाखवल्या, म्हणून लाल फीत.

६५ साली मी चार वर्षांचा होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही. काही वाचलंय, आणि काही त्याच कामात हात काळे केल्यामुळे कळतं.

त्या पोराला माझ्यातर्फे पेढा द्या. प्रश्न बरोबर जागी विचारलाय त्यानं.

तास म्हणजे काय ते बघा. माझ्या वेळचं मिग-२१ घ्या. रॉकेटचा पॉड लावायचा तर पहिल्यांदा पंखाखालच्या तारेत चुकूनमाकून करंट नाही ना, ते मीटर लावून बघायचं. न बघता जोडणी केली आणि करंट असला तर रॉकेट तिथंच सुटणार, समोर उभा असेल त्याच्या अंगातून. म्हणून पॉडच्या तोंडापुढं कुणी उभं राहायचं नाही. चहा घेऊन येणारा असला तरी त्यानं वळसा घालूनच यायचं. मग एका पॉडला सोळा नळ्या, एकेका नळीत सत्तावन मिलिमीटरचं रॉकेट हातानं सरकवायचं. हिवाळ्यात पहाटे बोटं बधिर, जूनमध्ये त्याच नळीला हात लागला की चटका. मग तोफेचा पट्टा. तोवर इंधनवाले, ऑक्सिजनवाले, इंजिनवाले आपापलं बघतात, सगळ्यांच्या सह्या होतात, शेवटी पायलटची सही आणि मग शिडी. रिकाम्या विमानापासून सुरुवात केली तर चार विमानांना तास कुठं गेला कळत नाही, आणि तोही कुणाचा पाना हरवला नाही तर.

त्या संध्याकाळी पठाणकोटहून चार विमानं गेली नाहीत. व्हॅम्पायर आणि मिस्टियर ही लढाऊ जेट मिळून पंचवीसच्या वर गेली, चार-चारच्या टोळीनं, एकामागून एक. पहिली चार सव्वापाचच्या सुमारास उडाली, आणि दिल्लीत साउथ ब्लॉकमधलं, म्हणजे संरक्षण मंत्रालयातलं, बोलणं चारच्या पुढं झालेलं. माझ्या धंद्यावरून सांगतो, एवढी विमानं तासात शून्यातून तयार होत नाहीत. ती भरून, पिना लावून उभी असणार आणि पोरं विमानाच्या सावलीत बसलेली असणार. दिल्लीत अर्जनसिंगांनी 'एक तास' म्हटला, पण पठाणकोटच्या डांबरावर तो सकाळीच सुरू झालेला होता. प्रमुखाला हे ठाऊक असतं. कुठल्या तळावर किती विमानं, कशानं भरलेली, किती मिनिटांत निघतील, हे डोक्यात असल्याशिवाय असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. लोक त्याला बेधडकपणा म्हणतात. मला त्यात चोख हिशेब दिसतो.

मग उरलेला वेळ कशाला लागला? परवानगीला. हल्ला १ सप्टेंबरच्या पहाटे सुरू झालेला. दिवसभर छंबची ब्रिगेड एकटी रणगाड्यांना तोंड देत होती. मागं अखनूरचा पूल, चिनाबवरचा. तो गेला असता तर राजौरी-पूंछकडची रसद तुटली असती. पण विमानं वापरायची म्हणजे लढाईचं युद्ध करायचं, आणि ते लष्करप्रमुख किंवा हवाईदलप्रमुख आपल्या मनानं करू शकत नाही. ६२ मध्ये चीनविरुद्ध आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले, तेव्हा हे त्यांच्या डोक्यात नसेल असं वाटत नाही. ६५ ला लष्करप्रमुख जनरल चौधरींनी हवाई मदत मागितली, आणि यशवंतरावांनी पंतप्रधानांना विचारायला न थांबता होकार दिला, शास्त्रीजींना मागाहून कळवलं. तुमचा विषय यशवंतराव आहे ना? मग टाळ्या अर्जनसिंगांच्या वाक्यावर न घेता या होकारावर घ्या. गेलेला दिवस परत आणणं कुणाच्याच हातात नव्हतं, पण उरलेली संध्याकाळ त्यांनी फुकट जाऊ दिली नाही.

आता टाळ्या जिथं थांबतात तिथून पुढचं. हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पठाणकोटकडे १ सप्टेंबरला सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. सव्वापाचला निघालेल्यांना उजेड दीड तासाचा. खाली धूळ, धूर, आपले रणगाडे आणि त्यांचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले. आपल्या विमानांनी काही मारा आपल्याच लोकांवर केला. आणि पाठवलेली विमानं कुठली? व्हॅम्पायर. १९४८ साली आपल्याकडं आलेलं पहिलं जेट. पुढचा भाग, म्हणजे पायलट बसतो तो, लाकडी प्लायचा. समोर पाकिस्तानची सेबर जेट, त्यातल्या काहींना साइडवाइंडर क्षेपणास्त्रं. त्या एका संध्याकाळी ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार व्हॅम्पायर पडली. फ्लाइट लेफ्टनंट भागवागर, जोशी आणि भारद्वाज परत आले नाहीत. चौथे पाठक, त्यांनी पॅराशूटनं उडी मारली आणि वाचले.

दुसऱ्या दिवसापासून व्हॅम्पायर आघाडीवरून मागं घेतली. शंभरावर विमानं होती ती. युद्धाच्या पहिल्याच दिवशी हवाईदलप्रमुखानं आपल्या ताफ्याचा एवढा तुकडा बाजूला काढायचा, आकडा कमी झालेला सगळ्यांना दिसणार हे माहीत असून. मला 'एक तास' पेक्षा हा निर्णय मोठा वाटतो. त्याला टाळ्या पडत नाहीत, इतकंच. तिसऱ्या दिवशी नॅट ही आपली छोटी लढाऊ विमानं लढाईत आणली आणि आपले पायलट ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याची बातमी आली. ती मात्र तुमच्या मागच्या खुर्च्यांना पाठ असेल.

(त्याच दिवशी आपलं एक नॅट पसरूरच्या पाकिस्तानी धावपट्टीवर उतरलं. ते आजही कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. हेही पाठ असेल, फक्त कुणी बोलत नाही.)

४५ नंबरची स्क्वाड्रन आता तेजस उडवते. हे पोरांना सांगा, त्यांना तेजस माहीत असतं.

सदाशिवपेठी

काकांचा प्रतिसाद छान, पण जरा जास्तच गोड आहे. त्याच युद्धात ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पठाणकोटवर सेबर आली आणि उभी असलेली दहा विमानं जाळून गेली, त्यात नवीकोरी मिग-२१ दोन. दुसऱ्या दिवशी बंगालमधला कलाईकुंडाचा तळ, तोही दिवसातून दोनदा. विमानं उघड्यावर लावलेली होती. याची जबाबदारी कुणाची? हवाईदलप्रमुखाचीच ना? 'डोक्यात हिशेब' होता तर हा हिशेब कुठं होता?

दुसरं, एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या तेव्हा पाकिस्तानचे हवाईदलप्रमुख असगर खान यांनी अर्जनसिंगांना फोन करून दोघांनी विमानं बाहेर ठेवावीत असं सुचवलं, आणि तसंच झालं. म्हणजे शत्रूच्या प्रमुखाशी फोनवर ठरवाठरवी. हेही सांगा मुलांना.

लाल फीत

सदाशिवपेठी साहेब, पठाणकोटचं पूर्ण मान्य. दुपारी तयार केलेलं विमान संध्याकाळी जळताना बघणाऱ्या एअरमनचं काय होत असेल ते माझ्याइतकं तुम्हाला कळणार नाही, पण मुद्दा तुमचा बरोबर आहे. विमानं रांगेत उघडी होती. त्यानंतर तळांवर ब्लास्ट पेन बांधली गेली. तीन बाजूंनी मातीचे जाड बांध, आत एकेक विमान. माझी निम्मी नोकरी अशा पेनमध्ये गेली. पावसाळ्यात बांधावर गुडघाभर गवत आणि गवतात साप, पण शेजारचं पेटलं तरी आपलं वाचेल एवढी खात्री. ७१ च्या ३ डिसेंबरला पाकिस्ताननं पहिला वार करून बघितला तेव्हा जमिनीवर फारसं काही हाताला लागलं नाही, त्याचं कारण ही पेनं. तेव्हा प्रमुख होते पी. सी. लाल, आणि हे लाल ६५ मध्ये अर्जनसिंगांचे उपप्रमुख. धडा ज्या दोघांनी घेतला ते दोघंही त्या संध्याकाळी दिल्लीत होते. चूक केली की नाही असं विचाराल तर केली.

फोनचं तुम्ही ठरवाठरवी म्हणून सांगताय. दोघं फाळणीआधी एकाच हवाईदलात होते, दोघंही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले. कच्छच्या चिखलासाठी दोन्ही देशांची शहरं विमानांच्या टप्प्यात आणायची नाहीत एवढं दोघांना कळत होतं. असगर खान जुलैत निवृत्त झाले. ऑगस्टात घुसखोरी, सप्टेंबरात छंब. नंतर फोन आला असता तरी काय झालं असतं?

हदगावकर

मानाच्या पदांचं मी सांगतो, कारण आमच्याकडं यावरून पारावर भांडणं झालीत. ताई, तुमचे दोन्ही सुभेदार बरोबर आहेत.

एअर कमोडोर एक तारा, एअर व्हाइस मार्शल दोन, एअर मार्शल तीन, एअर चीफ मार्शल चार. ६५ च्या युद्धात हवाईदलप्रमुखाचं पदच एअर मार्शलचं होतं, त्यामुळे अर्जनसिंग तेव्हा एअर मार्शल. युद्धानंतर, जानेवारी १९६६ मध्ये, ते पद वाढवून एअर चीफ मार्शल झालं आणि ते पहिले ठरले. पाचवा तारा २००२ च्या जानेवारीत मिळाला, मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स. फील्ड मार्शलच्या बरोबरीचा. लष्करात दोन फील्ड मार्शल झाले, माणेकशा आणि करिअप्पा. हवाईदलात पाच ताऱ्यांचे आजवर हे एकटेच. म्हणून १९६५ चा प्रसंग सांगताना एअर मार्शल म्हणा, नुसतं नाव घेताना मार्शल म्हणा. सुभेदार मंडळींना एकाच बाकावर बसवा.

जाता जाता आमचं घोडं दामटतो. २०२४ पर्यंत हवाईदलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी हे आमच्या हदगाव तालुक्यातल्या हस्तऱ्याचे. २०२१ च्या सप्टेंबरअखेर ते प्रमुख झाले त्या दिवशी हदगावात पेढे संपले होते. मराठी प्रमुखांत मुळगावकर १९७६ ते ७८, टिपणीस कारगिलच्या वेळी, नागपूरचे नाईक २००९ पासून. तुमच्या भाषणात यांना जागा नसणार, पण पोरांना एवढं तरी सांगा की हे आपल्याला जमतं.

कृष्णाकाठची

लाल फीत काका, तुमचा पहिला प्रतिसाद मी काल रात्री आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते एसटीत मेकॅनिक आहेत. 'कुणाचा पाना हरवला नाही तर' इथं ते इतके हसले की पोरगी उठली.

हदगावकर दादा, सुभेदारांचा वाद मिटवलात, फार बरं झालं.

सदाशिवपेठी, पठाणकोट मी सांगणार आहे. फोनचं नाही सांगत, बारा मिनिटांत मावणार नाही.

एक उरलं. हा माणूस ४६ व्या वर्षी युद्ध चालवत होता. तिथवर आला कसा? आणि काका, व्हॅम्पायर मागं घेणारा माणूस भित्रा वाटायला नको पोरांना. त्यांना आधी काहीतरी हवं.

लाल फीत

भित्रा! बरं ऐका, पण ऐकून पोरं काही करायला गेली तर मी जबाबदार नाही.

लाहोरच्या कॉलेजात असताना पोहण्यात पटाईत. तिथून १९३८ मध्ये इंग्लंडला क्रॅनवेलच्या हवाईदल कॉलेजात. पहिली नेमणूक १ नंबर स्क्वाड्रनला, वायव्य सरहद्दीवर, वापिती नावाच्या दुपंखी विमानावर. खालून टोळीवाल्यांनी बंदुकीनं विमान पाडलं. हे एका कोरड्या नदीपात्रात उतरले, तोंड समोरच्या यंत्रांवर आपटलेलं. मागच्या सीटवरचा गनर गुलाम अली बाहेर पडला आणि पळाला तो नेमका टोळीवाल्यांच्या दिशेनं. पायलट त्याच्या मागं धावला आणि त्याला वळवून आणला. एकविशीच्या आसपासचा पोरगा, अंगावर युनिफॉर्म, तोंडातून रक्त, आणि पळतोय बंदुकांच्याच दिशेनं, कारण आपला माणूस तिकडं चाललाय. हे पोरांना सांगा. नाव गुलाम अली आहे ते गाळू नका.

मग १९४४, इंफाळ. तीच १ नंबर स्क्वाड्रन, आता हे तिचे प्रमुख, विमान हरिकेन. जपानी इंफाळला वेढा घालून बसलेले. स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंगांच्या छातीवर डीएफसी हे शौर्यपदक आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे प्रमुख माउंटबॅटन यांनी तिथं येऊन लावलं. प्रमुखानं पदक लावायला आघाडीवर यावं म्हणजे काम काय दर्जाचं असेल ते ओळखा. पुढं ६५ मध्ये हीच स्क्वाड्रन मिस्टियर घेऊन आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोधा तळावर गेली. स्क्वाड्रन लीडर देवय्यांनी त्या मोहिमेत पाकिस्तानचं स्टारफायटर जेट पाडलं आणि परत आले नाहीत. त्यांना महावीर चक्र मिळालं १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी. (ही लाल फीत मात्र तुमच्या मंत्रालयातली.)

एक किस्सा हवाईदलात सांगितला जातो. १९४५ मध्ये केरळात कण्णूरला त्यांनी वस्तीवरून विमान इतकं खाली नेलं की कोर्ट मार्शलची वेळ आली. शिकाऊ पायलटांचा हुरूप वाढवायला केलं, असा बचाव दिला म्हणतात. सुटले. नाहीतर ६५ ला दुसरंच कुणीतरी उत्तर देत असतं.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीवरून शंभरावर विमानांचा ताफा गेला, त्याचं नेतृत्व यांचं. फाळणीत तीच विमानं, त्यातली माणसं वाटून गेली. लायलपूर तिकडं राहिलं. पुढं अंबाल्याचा तळ, ऑपरेशनल कमांड दोनदा, मग १ ऑगस्ट १९६४ ला प्रमुख. म्हणजे छंबच्या वेळी खुर्चीत बसून तेरा महिने झालेले. पाच वर्षं प्रमुख राहिले, पन्नासाव्या वर्षी निवृत्त. नंतर स्वित्झर्लंडला राजदूत, केनियाला उच्चायुक्त, वर्षभर दिल्लीचे नायब राज्यपाल. हे तुम्ही पटकन उरका, पोरं जांभया देतील.

मी निवृत्त झाल्यावरचं एकच सांगतो. जुलै २०१५, कलाम गेले. पार्थिव दिल्लीत पालमला आणलं ते मी टीव्हीवर बघत होतो. चाकाच्या खुर्चीतून एक म्हातारा शीख आणला, ९६ वर्षांचा. खुर्ची पार्थिवापुढं थांबली. आता बसूनच हात जोडतील असं मला वाटलं. उभे राहिले. अंग थरथरत होतं, पण हात कपाळाला गेला तो नियमाप्रमाणे, कोपर खांद्याच्या रेषेत. मी खुर्चीत होतो, मीही उठलो. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" काही सांगता आलं नाही.

सदाशिवपेठी

काका, शेवटच्या परिच्छेदाला +१. पठाणकोटवर मी ठाम आहे.

लाल फीत

राहा की ठाम. मीही आहे.

कृष्णाकाठची

भाषण लिहून झालं. सुरुवात नदीपात्रातून करतेय, गुलाम अलीपासून. मग थेट १ सप्टेंबर, सव्वापाच, आणि पावणेसातला सूर्य मावळतो हे आधीच सांगून टाकणार. यशवंतरावांचा होकार मधोमध. 'एक तास' हे वाक्य मी म्हणणार नाही. तो मुलगा आता दहावीत आहे, त्याला उभं करून त्याच्याकडूनच प्रश्न विचारून घेणार, आणि या वेळी कुणी बसवणार नाही. तिघांची आडनावं वाचून दाखवीन. पठाणकोटची दहा विमानं आणि मातीचे बांध शेवटून दुसऱ्या मिनिटाला. सतरा मिनिटं होताहेत, कुठं कापू कळत नाही. राजदूत वगैरे आधीच कापलंय.

एक शंका. छांब म्हणायचं की छंब? मी आजवर छांबच म्हणत आलेय, आणि काका तुम्ही सगळीकडं छंब लिहिलंय.

लाल फीत

छंब. आमच्या लाइनवरचे जम्मूकडचे सार्जंट तसंच म्हणायचे. कागदावर छांबही दिसतं, त्यावरून कुणी भांडलं तर त्याला माझ्याकडं पाठवा.

कापायचं तर पेनमधले साप कापा. पोरं त्यातच अडकतील.

आणि १२ तारखेला कार्यक्रम किती वाजता? मी फलटणला असतो. साताऱ्यात गाडी बदलावी लागते, सकाळची पहिली मिळाली तर अकरापर्यंत कराडला पोचतो. मागच्या खुर्च्यांत बसेन, सुभेदारांच्या शेजारी. त्या पोराला भेटायचंय, आणि मीटर कसा लावतात ते दाखवायला एक जुना मल्टिमीटर पिशवीत टाकतो. पेढा तुम्ही आणा.